उचगावची मावशी

शिवाजी पेठ, कोल्हापूर
ता. २३ एप्रिल १९५३, गुरुवार

तीर्थरूप सौ. आक्कास सयाजीचा कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार. (ह्याच्या पुढं काय लिवायचं ते मास्तर सातवीत शिकवणार हुते, आन् मी सहावीतनंच शाळा सोडली. तवा पुढचं माझ्या मनानं लिवतो, ग्वाड मानून घे.)

हिकडं आमी समदी खुशाल. आण्णांची मिशी खुशाल, आयचं गुडघं बरं, शेजारची धोंडुबाई बरी हाय आन् दिवसातनं चारदा आपल्या चुलीत डोकावून जाती. तिकडं तू कशी हाईस, दाजी कसं हायत, तुझ्या सासूबाईंचा खोकला राहिला का, हे आयनं इचारलंय. आय म्हणाली, माझं नाव घालून इचार, पर मला तिची आठवण येती असलं काय बी लिवू नगंस, मला आठवण काढाय सवड कुटं हाय. तवा आयला तुझी आठवण येत न्हाय असं समज. तू मांडवपरतणीला आलतीस ती आलीस, त्यानंतर गडहिंग्लजास्नं तुझा पाय काय निघाला न्हाय. मिरचीचा हंगाम हाय म्हणून सासूबाई सोडत न्हाईत असं कळलं. असू दे. मिरची संपंल की कवा तरी.

परवा ज्ञानू कंडक्टरनं स्टँडावर आण्णास्नी गाठून दाजींचा निरोप दिला. दिला म्हंजे काय, एस.टी.च्या पायरीवर उभं राहून वरडूनच सांगितला की गं, "आण्णा, तुमच्या सयाला जावयानं गडहिंग्लजात अडतीवर चिकटवलाय, सोमवारी धाडून द्या!" तवा ते आमच्या आधी निम्म्या कोल्हापुराला कळलं. काम असं हाय म्हणं, की गुळाच्या सौद्याला ढेपांवर उभं राहायचं आन् भाव पुकारायचा. दाजींनी माझ्यासाठी एवढं केलं, कुणापुढं शब्द टाकला, हे मोठंच उपकार हायत. त्याचं उत्तर ह्या पत्रात शेवटाला देतो. आदी हिकडची हकीकत सांगतो. (तुला अक्षर लावून वाचता येतंय, पर पत्र दाजीच वाचून दाखवत्यात हे मला ठावं हाय. दाजी, तुमी वाचत असशीला तर मधलं म्हशीचं वाचलं न्हाय तरी चालंल. तुमास्नी कट्टाळा यील.)

महाद्वार रोडच्या कापडाच्या दुकानातली माझी नोकरी तुला म्हाईतच हाय. बाया अंबाबाईचं दर्शन घिऊन भाईर पडल्या, की मी दुकानाच्या दारात उभं राहून "या मावशी, या वैनी, लुगडी बगा, खण बगा" असं वरडायचं. एवढंच काम. उचलायचं न्हाय, वाकायचं न्हाय, सावलीतलं काम. आण्णा पेठेत सांगत हिंडायचं की सयाला सावलीतली नोकरी लागली. पर माझं तोंड उघडायचं आन् आवाज आतच राहायचा. शेट गादीवर बसून खोकायचं. ते खोकलं की मला वाटायचं, हे माझ्यावरच खोकलं, आन् पोटात कळ यायची. एकदा लई जोर करून मी "या" म्हणलो, तर रस्त्यावरची एक गाय वळून सरळ दुकानात आली आन् दोन खण चावून गेली. माझ्या हाकेला आल्यालं पयलं आन् शेवटचं गिऱ्हाईक तेच.

मग ते पोट दुखायचं सुरू झालं. सकाळी टोपी घातली की दुखायचं. भाकरी खाली जायची न्हाय. झोप तर उडालीच, आन् लागली तर दिवसा न येणारी हाक झोपंत यायची, "या मावशीऽ" म्हणून मी असा बोंबलायचो की धोंडुबाई पलीकडनं "आले आले" म्हणत उठायची. तिनं मीठ-मोहऱ्या उतरल्या, त्या अशा तडतडल्या की पोरावर आख्ख्या पेठंची नजर हाय म्हणाली. वैद्यांनी काढा दिला, त्यानं पोट दुखायचं राहिलं न्हाय, वर तोंड कडू झालं. आण्णांचं एकच, की काम न करण्यानं माणूस आजारी पडतंय, कामानं पडल्यालं मी जल्मात बगितलं न्हाय. तूच तेवढी म्हणालीस की सयाच्या पोटाला सोमवारची सुट्टी असती. (सोमवारी दुकान बंद. दाजी, हे तुमच्यासाठी लिवलंय.) तवा समदी हसली. मी बी हसलो. पर मनात म्हणलं, आक्कानं वळखलं.

तू नांदाय गेलीस आन् दुसऱ्या दिवशी चांदीनं दूध चोरलं. लहान रेडकू हुती तवापास्नं ती तुझ्या हाताखाली वाढल्याली म्हस, ती दुसऱ्याला कासंला हात लावू दील व्हय? आय बसली. आयनं कास धुतली, आंबोण म्होरं ठेवलं, आन् लाडानं "चांदेऽ" म्हणाली. आयचा लाडाचा आवाज तुला ठावं हाय, रंकाळ्यावरची बगळी उडत्यात. चांदीनं कान मागं केलं ते म्होरं आणलंच न्हाईत. मग आण्णा बसलं. त्यास्नी लाथ बसली न्हाय, चरवीला बसली, पर चरवी धोंडुबाईच्या भिंतीला लागून परत आण्णांच्या पाठीत बसली. रेडकू सोडून बगितलं, सरकी वाढवून बगितली. कास भरून दगड, आन् म्हस तुझ्या वाटंकडं तोंड करून उभी.

तवा धोंडुबाईनं तो इलाज सांगितला. जिच्या हाताची सवय, तिचं लुगडं नेसून बसायचं. म्हशीला वासानं माणूस कळतंय. तू गोधडीसाठी म्हणून ठेवल्यालं हिरवं लुगडं आयनं काढलं. आयनं नेसून बगितलं, पर तोंड उघडलं आन् समदं बिघडलं. आण्णा म्हणालं, "लुगडं नेसीन, पर मिशीचं काय करू?" मग दोगांनी बी माझ्याकडं बगितलं. त्या दिवशी दुकान बंद हुतं. (व्हय, सोमवारच.) मी न्हाय म्हणाय तोंड उघडलं, आन् नेहमीसारखा आवाज आतच राहिला. आयनं मला काष्टा घालून, डोक्यावरनं पदर घिऊन चांदीजवळ बसवलं. चांदीनं हुंगलं. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं, मग असा मोठा सुस्कारा टाकला की बस, आन् पान्हा सोडला. चरवीत धार वाजाय लागली. आय गोठ्यात उभी हुती ती भाईर गेली. धूर डोळ्यात गेला म्हणाली. (गोठ्यात धूर नव्हता.)

घरात हे ठीक चाललं. पर आपली दुसरी म्हस आटली. गंगावेशीच्या कट्ट्यावर रोज सांजचं दूध विकाय म्हस उभी करायची आण्णांची जुनी जागा, आन् तिथंच शेजारी म्हस उभी करणाऱ्या केरबाचा त्या जागेवर डोळा. आठवडाभर म्हस दिसली न्हाय तर तो आपली दोरी तिथं टाकणार. तवा चांदीला न्ह्यायला पायजे. चांदीला न्ह्यायचं तर लुगडं न्ह्यायला पायजे. आन् लुगडं काय एकटं चालत जात न्हाय. शेटजीला मी बरं न्हाय असा निरोप धाडला आन् पदर हनवटीपतोर वडून निघालो. आण्णा म्होरं पन्नास पावलं, जशी काय ती म्हस बी त्यांची न्हाय आन् ती बाई बी. लुगडं पायात येतंय, समोरचं दिसत न्हाय, म्हशीची शेपटी धरून चाललोय. आक्का, तुमी बायका ह्या असल्या कापडात पाण्याची घागर घिऊन कशा चालता गं?

कट्ट्यावरचं तू कदी बगितलं न्हाईस. तालमीतली पैलवान गडी अंगाला माती तशीच घिऊन येत्यात, कचेरीतली माणसं येत्यात, ज्यानं त्यानं गिलास हातात धरून उभं राहायचं. डोळ्यादेखत धार काढायची, फेसाचा गिलास तसाच गरम प्यायचा. एवढी माणसं बगून मी पदर आणखी खाली वडला. तेवढ्यात केरबा आला. त्याचं बोलणं तुला लिवून दावल्याबिगार कळायचं न्हाय.

"आण्णा, ही पावणी कोण वं?"

"माझ्या साडूची भन. उचगावची."

"नाव काय म्हणायचं?"

"बायडाबाई."

"बोलत न्हाय व्हय?"

"मुकी हाय."

आण्णा जल्मात खोटं बोललं न्हाईत म्हणत्यात, ते समदं साठवल्यालं त्यांनी त्या सांजंला एका दमात बोलून टाकलं. पर चांदी काय पान्हा सोडंना. मी भ्यालोय हे तिला कळत हुतं. लोकं गिलास वाजवाय लागली. मग मला आठवलं, की तू धार काढताना तिला दिवसभराचं समदं सांगत बसायचीस, कोण काय म्हणालं, भाजीत मीठ जास्त झालं, सगळं. मी बी तिच्या पोटाला डोकं टेकलं आन् सुरू केलं. "चांदे, घाबरू नगंस, मी बी घाबरलोय. हितली माणसं मोठी हायत पर ती काय आपल्याला खात न्हाईत, ती दूध पित्यात..." असं. पदरात तोंड, म्हशीच्या पोटात डोकं, मला वाटलं हे मी आन् ती दोगंच ऐकतोय. धार लागली. आन् मागनं केरबा बोंबलला, "आरं मुकी बाई बोलाय लागली! अंबाबाई पावली रं!"

पुढचं सांगाय नको. दुसऱ्या सांजंला कट्ट्यावर ही गर्दी. चांदीच्या दुधाचा वास घेतला की मुकं बोलतंय म्हणं. एका म्हातारीनं चांदीच्या कपाळाला हळदकुंकू लावून तिच्या म्होरं नारळ फोडला, तो चांदीनं करवंटीसकट खाल्ला. दूध चरवीत पडायच्या आत संपाय लागलं. आण्णांस्नी दूध खपल्याचा आनंद करावा का खोटं बोलल्याचं वाईट वाटून घ्यावं हे कळंना, म्हणून ते रोज धार संपंपतोर मारुतीच्या देवळात जाऊन बसायचं.

मला मात्र आक्का, खरं सांगतो, लई बरं वाटाय लागलं. सकाळी उठावं, चांदीला रंकाळ्यावर न्ह्यावं, घासावी, ती पाण्यात बसली की आपण काठावर बसावं. सांजचं पदर घ्यावा आन् तिला मनातलं सांगावं. भाकरी जाय लागली. झोप लागाय लागली, झोपंत बोलायचं राहिलं, उलट धोंडुबाईच म्हणाली की पोराचा आवाज येत न्हाय, मला जाग येती. जे दुकानात तोंडातनं निघालं न्हाय, ते समदं मी म्हशीला सांगितलं. कोण दचकत न्हाय, कोण खोकत न्हाय.

आन् एके दिवशी कोण तरी खोकलं.

मी तवा चांदीला सांगत हुतो, "चांदे, ते आमचं शेट खोकलं की माझ्या पोटात कळ यायची बग, वाटायचं, झालं, आता हे मला हाकलणार." आन् बराबर मागं तोच खोकला आला. सवयीनं पोटात कळ आली, सवयीनं मी ताडकन् उभा राहिलो, आन् चांदीचा पाय पदरावर. पदर राहिला खाली, मी आलो वर. मागं शेट, हातात दुधाचा गिलास. मी गेल्यापास्नं दारात तेच वरडत हुतं, घसा बसल्याला, कुणी तरी सांगितलं की गंगावेशीला उचगावच्या मावशीचं दूध घ्या, मुकं बोलतंय. माझं मिसरूड समद्यांनी बगितलं.

केरबाच्या तोंडून निघालं, "आगं आय आय गं, बायडाबाईला मिशी!" मला वाटलं आता मार बसणार. तेवढ्यात एक पैलवान गिलास म्होरं करून म्हणाला, "मिशी असू दे न्हायतर दाढी असू दे, माझा गिलास निम्माच हाय. भर की मावशी. आन् फेस कमी घाल." त्यावर जे समदी हसली! केरबा तर कट्ट्यावर आडवा झाला. आण्णा देवळातनं पळत आलं, त्यास्नी वाटलं म्हस मेली.

शेट हसलं न्हाईत. ते म्हणालं, "एवढं बोलतोस तर माझ्या दुकानात काय झालतं तुला? आता असं कर, उद्यापास्नं हेच लुगडं नेसून दारात उभा राहा. बाया तुला बगायला तरी आत येतील." आक्का, त्यांनी थट्टा केली न्हाय, खरंच सांगत हुतं. आन् मी म्हणलो, "न्हाय." मोठ्यानं म्हणलो. पदर नसताना. मला तर वाटलं चांदीच बोलली. थोर माणसाला मी असं तोंडावर पयल्यांदाच म्हणलो, आन् काय बी झालं न्हाय गं, आभाळ पडलं न्हाय, शेटनी नुसता गिलास संपवला. मग हळू आवाजात म्हणालं, "मी खोकतो ते दम्यानं रं पोरा. तुझ्यावर न्हाय." एवढा काळ आमी दोगं एका छपराखाली, आन् हे ना त्यांनी सांगितलं, ना मी इचारलं.

आता ते रोज येत्यात. दूध पिऊन झालं की जरा चांदीच्या कानाशी थांबत्यात, कायतरी बोलत्यात, मी मुद्दाम तिकडं बगत न्हाय. त्यांचं बगून तो पैलवान बी तिला वस्तादाबद्दल सांगतो. परवा केरबाला बी मी तिथं धरला, आपली स्वतःची म्हस सोडून! मला समदा कट्टा "मावशी" म्हणतोय. पयल्यांदा कान तापायचं, आता कुणी सयाजी म्हणून हाक मारली तर मीच मागं वळून बगतो की कुणाला बलवतोय. आण्णा अजून कबूल करत न्हाईत की कामानं माणूस आजारी पडतंय. पर परवा धोंडुबाईला म्हणत हुतं, काम बी पायताणासारखं असतंय, दुसऱ्याच्या मापाचं घातलं की फोडच यायचं. (माझ्या म्होरं म्हणलं न्हाईत. मी गोठ्यातनं ऐकलं.)

बरं, आता पत्र लांबलं. दिवा वारं खातोय आन् वैरण टाकायची हाय. दाजींस्नी आन् सासूबाईस्नी नमस्कार सांग. थोरांस्नी दंडवत, ल्हानांस्नी जे काय असतंय ते. कमीजास्त माफ कर.

तुझा धाकटा भाऊ,
सयाजी

ता. क. नोकरीचं उत्तर शेवटाला देतो म्हणलो आन् शेवट झाला की. दाजी, आता तुमीच वाचा. गुळाच्या ढेपंवर उभं राहून मला पुकारता यायचं न्हाय. तुमी शब्द टाकलाय, तुमास्नी खाली बगाय लागंल, त्याचं मला लई वाईट वाटतंय. तरी पर, न्हाय. (हे मी पत्रात म्हणतोय म्हणून असं समजू नका की तोंडावर म्हणता येणार न्हाय. शेटला इचारा.) ह्याचा राग आक्कावर काढू नका, तिनं मला काय शिकवलं न्हाय. आक्का, दाजी गप बसलं तर दोन घास पोटात गेल्यावर बोल.

ता. क. दुसरा. मुख्य काम राहिलंच. त्या दिवशी पायाखाली पदर फाटला, आन् लुगडं आता हातात धरलं की विरतंय. तवा तुझं एखादं जुनं नेसतं लुगडं ज्ञानू कंडक्टरकडं दे. न धुता दे. पेटीत डांबराच्या गोळ्यांत ठेवल्यालं नगं, मिरचीच्या पोत्याजवळचं बी नगं. चांदीसाठी पायजे, दुसरं काय न्हाय.

ता. क. तिसरा. आण्णांनी मागं उभं राहून वाचलं आन् म्हणालं, खोटं लिवू नगं, खोटं बोलून माझी काय गत झाली बगितलीस. तवा खरं लिवतो. चांदी आता माझ्या सदऱ्याला बी पान्हा सोडती, लुगडं नेसायचं मी कवाच सोडलं. पर त्या फाटक्या लुगड्याची गोधडी शिवू म्हणलं तर आय हात लावू दीना, घडी घालून उशाला घेती. आन् परवा कट्टाळून म्हणाली की ह्याचा आता नुसता म्हशीचाच वास येतोय. म्हणून दुसरं पायजे. द्यायला कुणी गावंना तर मिरची संपली की तूच घिऊन ये. नेसूनच ये, म्हंजे धुवायचा प्रश्नच न्हाय.